अडखळत वाचणाऱ्या मुलाला गोष्ट का कळत नाही?

आधी खालची ओळ एकदा मोठ्याने वाचा.

पा वसा तभिज लेलं मां जरदा राशीब सलं हो तं.

जमली ना? पण कशी जमली ते आठवून बघा. शब्दाखाली बोट धरावंसं वाटलं असेल. ‘जरदा’ वाचून भलतंच काहीतरी मनात आलं असेल, मग मागे जाऊन एकदम ‘मांजर’ सापडलं असेल. अशी पानभर गोष्ट तुमच्यापुढे ठेवून शेवटी कुणी विचारलं असतं, ‘सांगा बघू, मांजर दाराशीच का थांबलं?’ तर तुम्ही चाचपडला असता. तुम्हाला मराठी येतं, पाऊस माहीत आहे, मांजरही माहीत आहे. पण सगळं बळ अक्षरं जुळवण्यातच संपलं.

सहा-सात वर्षांच्या मुलाला नीट छापलेलं, साधं पानसुद्धा बराच काळ असंच दिसतं.

‘वाचता येतं हो, पण वाचलेलं कळत नाही,’ ही तक्रार पालक करतात आणि शिक्षकही करतात. पाठोपाठ निदानही तयार असतं: लक्ष नाही, आळस आहे, नाहीतर डोकंच चालत नाही. असं काही ठरवण्याआधी एक सोपी गोष्ट करून बघावी. तोच उतारा आपण मुलाला वाचून दाखवायचा आणि तेच प्रश्न विचारायचे. आता उत्तरं पटापट आली, तर समजण्यात खोट नाही. गोष्ट मनापर्यंत पोचायच्या आत वाटेतच सांडते आहे. पुष्कळ मुलांचं असंच असतं. त्यांना अक्षरं येतात, शब्दही लावता येतात, पण वाचनाला ओघ आलेला नसतो.

या ओघाचे तीन पदर सांगितले जातात. शब्द बरोबर वाचणं, ते फारसे कष्ट न पडता वाचणं आणि वाक्य बोलल्यासारखं, अर्थाप्रमाणे थांबत वाचणं. यातला तिसरा पदर बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. आणि दुसऱ्याचा अर्थ सगळे ‘भरभर वाचणं’ असा घेतात. त्यातून बराच घोळ होतो. त्याबद्दल पुढे सांगतोच.

या क्षणी वापरात असलेल्या गोष्टी धरून ठेवायला मनात जी जागा असते, ती फार तोकडी आहे. मोठ्या माणसालाही एकमेकींशी संबंध नसलेल्या चार-पाच गोष्टीच तिथे मावतात, आणि घोळवत ठेवल्या नाहीत तर त्याही काही सेकंदांत निसटतात. ‘पावसात भिजलेलं मांजर दाराशी बसलं होतं’ हे आपल्याला 6 शब्द वाटतात. खरं म्हणजे एकच चित्र वाटतं. लावून लावून वाचणाऱ्या मुलासाठी ती 19 अक्षरं असतात. पला काना पा, व, सला काना सा, त… असं करत ते ‘होतं’पर्यंत पोचतं, तोवर ‘पावसात’ केव्हाच गळून गेलेलं असतं. मग मांजर होतं एवढंच हाती लागतं. कुठलं, कसं, कुठे, काही नाही.

डेव्हिड लाबर्ज आणि जे सॅम्युअल्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये हीच गोष्ट नीट सूत्रात मांडली. माणसाचं लक्ष मोजकंच असतं. शब्द ओळखण्यात ते खर्च झालं, तर अर्थासाठी उरत नाही. सरावाने शब्द ओळखणं आपोआप होऊ लागलं, की तेच लक्ष अर्थाकडे वळतं. पाढे पाठ नसलेल्या मुलाला तीन आकडी गुणाकार करायला लावला की काय होतं ते आठवा. सात आठे किती हे ते बोटांवर मोजत बसतं आणि हातचा विसरतं. गुणाकाराची रीत त्याला कळलेली असते, पण पाढा तिला जागाच देत नाही. वाचनातही तसंच.

हे ‘आपोआप’ किती पक्कं होऊ शकतं, याचा एक गमतीदार पुरावा आहे. जॉन रिडली स्ट्रूप या संशोधकाने 1935 मध्ये रंगांची नावं भलत्याच रंगाच्या शाईत छापून लोकांपुढे ठेवली. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत. शब्द वाचायचा नाही, फक्त शाईचा रंग सांगायचा. लोक अडखळले. ओठांवर ‘लाल’च येत होतं. मुरलेल्या वाचकाला समोरचा शब्द न वाचणं जमतच नाही. ज्या मुलाला अजून वाचता येत नाही, ते मात्र या खेळात असं अडखळत नाही. त्याच्यासाठी ती फक्त हिरवी रेघोटी असते. घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे.

डोळ्यांचं कामही वाटतं तसं चालत नाही. ओळीवरून नजर सरकत जाते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती टुणटुण उड्या मारते. एका जागी साधारण पाव सेकंद थांबते, पुढे उडी घेते, पुन्हा थांबते. अधूनमधून मागेही येते. नव्या वाचकाच्या उड्या आखूड असतात, थांबे जास्त असतात, प्रत्येक थांबा लांबतो आणि मागे येणंही वाढतं. म्हणून बोट ठेवून वाचणाऱ्या मुलाचा हात ओढून काढू नये. नजर टेकायला त्याला तो आधार लागतो. गरज संपली की बोट आपसूक सुटतं.

मग अक्षरं लावणारं मूल एके दिवशी अख्खा शब्द एका नजरेत कसं ओळखू लागतं? शब्दाचं चित्र पाठ करून नव्हे, आणि शेजारच्या चित्रावरून अंदाज बांधूनही नव्हे. डेव्हिड शेअर यांनी 1995 मध्ये मांडलेली कल्पना अशी की मूल स्वतःच स्वतःला शिकवत असतं. ‘भिजलेलं’ हा शब्द त्याने एकदा खटपट करून, अक्षर न् अक्षर लावून बरोबर वाचला, की त्या शब्दाची अक्षरं, उच्चार आणि अर्थ यांची एक गाठ बसते. पुढच्या वेळी खटपट कमी लागते. थोड्याच वेळा भेटल्यावर तो शब्द ओळखीचा होतो. म्हणजे ओघ हा अक्षरं लावण्याच्या उलट दिशेला नाही. तो तिथूनच येतो. अक्षरं कच्ची असताना ‘जरा पटपट वाच’ म्हणून मागे लागलं, की मूल पहिल्या दोन अक्षरांवरून शब्द ठोकून द्यायला शिकतं. ‘भिजलेलं’चं ‘भिजवलं’ होतं, ‘दाराशी’चं ‘दारात’. गाठ बसते, पण चुकीची.

आपल्या लिपीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण वाचनावरचं पुष्कळसं लिखाण इंग्रजीच्या अनुभवावर बेतलेलं असतं. ‘मराठी काय, लिहिलं तसं वाचायचं,’ असं आपण म्हणतो. इंग्रजीच्या मानाने ते खरंच आहे. तरी मुलाच्या वाटेत काय काय येतं ते पाहा. 34 व्यंजनं आणि बाराखडीतली 12 रूपं एवढंच धरलं तरी 408 आकार होतात, जोडाक्षरं वेगळीच. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर बोलायची. रफाराचं उलट: ‘सूर्य’मधला र ‘य’च्या डोक्यावर बसतो, पण बोलायचा आधी. नजर डावीकडून उजवीकडे जात असताना वर आणि मागेही बघायचं असतं. ‘करमणूक’ या शब्दातला र आणि शेवटचा क आपण अर्धे बोलतो, क आणि म पूर्ण. कागदावर त्याची काहीही खूण नाही. सगळी अक्षरं पूर्ण उच्चारणाऱ्या मुलाला जो आवाज ऐकू येतो तो कुणीच बोलत नसतं, मग त्यातून ओळखीचा शब्द शोधावा लागतो. आणि ‘जग’ म्हणजे दुनिया की ‘जग’ म्हणजे जगत राहा? लिहायला दोन्ही सारखे, उच्चार निराळे. वाक्य कळल्याखेरीज ‘ज’ कसा म्हणायचा तेच ठरत नाही.

सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की अशा लिप्यांमध्ये अक्षरं पक्की होण्याचं काम पहिली-दुसरीत आटोपत नाही. ते तिसरी-चौथीपर्यंतही चालूच राहतं. देवनागरीची घडण त्याच जातीची आहे. त्यामुळे दुसरीतलं मूल जोडाक्षरापाशी थबकलं तर घाबरण्याचं कारण नाही.

आता वेगाकडे. मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले हे मोजायची पद्धत स्टॅन्ली डेनो आणि मिनेसोटा विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवली. हेतू चांगला होता: शिकवण्याचा उपयोग होतो आहे का, हे शिक्षकाला झटकन कळावं. वेगाचा आकडा आणि वाचलेलं समजणं यांचा सुरुवातीच्या वर्षांत चांगला मेळ दिसतो, म्हणून तो आकडा कामाचा. पण तो थर्मामीटर आहे. थर्मामीटर गार पाण्यात बुडवून कुणाचा ताप उतरत नाही. घड्याळ लावून मुलांना पळवलं की आकडा वाढतो, मुलं स्वल्पविराम गिळतात, पूर्णविरामही ओलांडतात, आणि गोष्ट होती तिथेच राहते. शर्यत लावून वाचून घेण्याला माझा सरळ विरोध आहे. मागे पडणाऱ्या मुलाला त्यातून एकच धडा मिळतो, की वाचन ही चारचौघांत हरण्याची जागा आहे.

इंग्रजीसाठी जॅन हॅसब्रूक आणि जेराल्ड टिंडल यांनी 2017 मध्ये अमेरिकी मुलांचे आकडे मांडले. मधल्या फळीतलं मूल पहिलीच्या अखेरीस मिनिटाला 60 शब्द, दुसरीच्या अखेरीस 100 आणि तिसरीच्या अखेरीस 112 शब्द बरोबर वाचतं. एका वर्षात 40 शब्दांची उडी आणि पुढच्या वर्षात फक्त 12 शब्दांची. वेग कायम वाढत राहायचा नसतोच. तो बोलण्याच्या गतीच्या आसपास पोचला की त्याचं काम झालं. हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावायचे मात्र नाहीत. ‘घरासमोरच्या’ हा आपला एक शब्द. इंग्रजीत तिथे चार-पाच शब्द लागतात. शब्द मोजून मराठी मूल मंद ठरवणं म्हणजे फूटपट्टीने वजन करणं.

तिसऱ्या पदराकडे, म्हणजे अर्थाप्रमाणे तोडत वाचण्याकडे, माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं. हे वाक्य घ्या: ‘मांजर पळत आलेल्या कुत्र्याला घाबरलं.’ एखादं मूल वाचतं, ‘मांजर पळत… आलेल्या कुत्र्याला… घाबरलं.’ एकही शब्द चुकलेला नाही. वेगही बरा आहे. आता विचारा, कोण पळत आलं? ते म्हणेल, मांजर. ‘मांजर… पळत आलेल्या कुत्र्याला… घाबरलं,’ असं वाचणारं मूल कुत्रा म्हणेल. एका थांब्याने गोष्ट फिरली. बोलताना हे थांबे, चढउतार, प्रश्नाचा हेल आपण फुकट देत असतो. कागदावर त्यातले थोडेच उतरतात, स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्हाच्या रूपात. बाकीचे वाचणाऱ्याने स्वतः घालायचे असतात. चौथीतल्या मुलांचं वाचन पारखण्यासाठी अमेरिकेत 1992 च्या राष्ट्रीय पाहणीत चार पायऱ्यांचा मापदंड वापरला होता. सगळ्यात खाली एकेक शब्द सुटा वाचणारी मुलं, त्यावर दोन-दोन शब्द जोडणारी, मग तीन-चार शब्दांचे गट करणारी आणि वर अर्थाचे मोठे गट करून बोलल्यासारखं वाचणारी. मुलाच्या शेजारी बसून डोळे मिटून ऐकलं, तर ते कुठल्या पायरीवर आहे हे कुणालाही कळेल. घड्याळ लागत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. काही मुलं घडाघडा वाचतात, विरामचिन्हंही पाळतात, आणि कळलेलं मात्र काहीच नसतं. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी 1986 मध्ये म्हटलं, की वाचून समजणं हा गुणाकार आहे: शब्द उलगडणं गुणिले भाषा समजणं. एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. आपल्याला देवनागरी येते म्हणून नेपाळी मजकूर आपण बऱ्यापैकी वाचू शकतो. पण वाचता आला म्हणून तो कळतोच असं नाही. घरची बोली एक आणि पुस्तकाची भाषा दुसरी, अशा मुलाची अडचण पुष्कळदा इथली असते. त्याला वाचनाचा नुसता सराव देऊन भागत नाही; त्या भाषेत त्याच्याशी गप्पा व्हायला हव्यात, गोष्टी ऐकवायला हव्यात. ओघ दार उघडतो. आत सामान आहे की नाही, हा वेगळा प्रश्न.

सराव कसा करावा, याचं सगळ्यात साधं उत्तर सॅम्युअल्स यांनीच 1979 मध्ये दिलं: तोच छोटा उतारा पुन्हापुन्हा वाचणं. आपण मोठी माणसं याला नाक मुरडतो. ‘हे झालंय की वाचून, आता नवीन घे.’ पण गाणं शिकणारा एकच बंदिश महिनोन्महिने घोटतो तेव्हा आपण त्याला असं म्हणत नाही. पहिल्या वाचनात मूल अक्षरांशी झगडतं, दुसऱ्यात शब्द ओळखीचे होतात, तिसऱ्या-चौथ्यात आवाजाला हेल येतो. आणि गंमत अशी, की कमावलेलं त्या उताऱ्यापुरतं राहत नाही. तेच शब्द दुसरीकडे भेटले की तिथेही थोडं सोपं जातं. उतारा शे-दीडशे शब्दांचा पुरे. वीस शब्दांत एखाद-दुसराच अडेल इतपत सोपा असावा. पाच-पाच शब्दांना ठेच लागत असेल, तर ते पुस्तक आपण वाचून दाखवायचं आणि मुलाला सोपं द्यायचं.

आधी मोठ्याने वाचून दाखवावं, म्हणजे वाक्य कसं वाजतं ते कानात बसतं. मग दोघांनी एका आवाजात वाचावं. आपला आवाज किंचित पुढे, मुलाचा त्याला धरून. मग त्याने एकट्याने. अडलं की लगेच शब्द तोंडात घालू नये. मनात तीन-चार आकडे मोजेपर्यंत थांबावं, मग सांगावं, आणि ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचू द्यावं, नाहीतर सुधारलेला शब्द अर्थाबाहेर लोंबकळत राहतो. अर्थ न बिघडवणारी बारीक चूक वाक्य संपेपर्यंत पोटात घालावी. पुन्हा वाचण्याला काही निमित्त मिळालं तर फारच छान: धाकट्या भावंडाला वाचून दाखवणं, फोनवर आजीला ऐकवणं, संवादांची गोष्ट आवाज वाटून घेऊन वाचणं. एकाने मांजर व्हायचं, एकाने कुत्रा. चौथ्यांदा वाचतोय हे तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही.

वर्गातली एक जुनी सवय यात आड येते. पाळीपाळीने एकेकाने दोन ओळी वाचायच्या. 30 मुलं आणि 30 मिनिटं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिट. उरलेली 29 मिनिटं आपली ओळ कुठली येणार ते मोजण्यात जातात. जोड्या लावून एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं ठरवलं, तर त्याच वेळात प्रत्येकाला 15 मिनिटं मिळतात. गोंगाट होतो, हे खरं. त्याचप्रमाणे चाचपडणाऱ्या मुलाला पुस्तक देऊन ‘मनातल्या मनात वाच’ म्हणून कोपऱ्यात बसवण्यावर फार विसंबू नये. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाचन समितीने 2000 साली उपलब्ध संशोधन चाळलं, तेव्हा कुणीतरी ऐकून दुरुस्त करत असताना केलेल्या प्रकट वाचनाचा फायदा स्पष्ट दिसला. एकट्याच्या मूकवाचनाने ओघ वाढतो असं म्हणायला मात्र पुरेसा आधार सापडला नाही. ज्याला वाचता येतं त्याने मनात भरपूर वाचावंच. ज्याला अजून येत नाही, ते मूल मनातल्या मनात नेमकं काय करतंय हे आपल्याला ऐकू येत नाही, एवढीच अडचण.

यात घाई कशाची? कीथ स्टॅनोविच यांनी 1986 मध्ये दाखवून दिलेली दरी हे त्याचं कारण. ज्याला वाचन सोपं जातं ते जास्त वाचतं, जास्त शब्द गोळा करतं, मग आणखी सोपं जातं. ज्याला जड जातं ते टाळतं. तिसरीपर्यंत हा फरक झाकलेला राहतो. चौथीपासून परिसर अभ्यास, गणितातली शाब्दिक उदाहरणं, सगळंच वाचून शिकायचं होतं, आणि वाचनातला कच्चेपणा एकदम सगळ्या विषयांतला कच्चेपणा म्हणून वर येतो.

काही मुलांच्या बाबतीत मात्र एवढ्याने भागत नाही. उच्चाराशी इमान राखणाऱ्या लिप्यांमध्ये डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन शिकणं फार जड जाणं, पुष्कळदा वेगळ्या रूपात दिसतो. हाइन्झ विमर यांनी 1993 मध्ये जर्मन वाचणाऱ्या मुलांत हे दाखवलं: चुका फार नाहीत, पण वाचन कमालीचं संथ. अशा मुलाकडे बघून ‘बरोबर तर वाचतोय, हळू वाचतो एवढंच’ म्हणून सोडून दिलं जातं. नियमित आणि सोबतीने केलेल्या सरावाला काही महिने देऊनही ओळखीचे शब्द दर वेळी नव्याने लावावे लागत असतील, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत आणि मग त्यातल्या जाणकाराला दाखवावं.

ओघ येऊ लागल्याच्या खुणा आकड्याआधी कानाला कळतात. मूल चुकीचा शब्द वाचून स्वतःच थबकतं, ‘अं, असं नाही’ म्हणतं आणि मागे जाऊन दुरुस्त करतं. अर्थ जुळला नाही हे त्याचं त्याला कळलेलं असतं. विनोदी वाक्य पुरं व्हायच्या आतच हसू फुटतं. कधी अर्ध्या पानावर बोट तसंच ठेवून ते मान वर करतं आणि विचारतं, ‘पण मग त्या मांजराला कुणी आत का नाही घेतलं?’